सदनिका क्रमांक अकरा आणि धोंडिरामची काळी मेंढरं

टिटवाळ्याच्या पुढे, कापणी झालेल्या भाताच्या खाचरात, १९८५ च्या जानेवारीत एका सकाळी धोंडिराम कोळेकर आणि मी चहा पीत बसलो होतो. चहा मेंढीच्या दुधाचा होता आणि जर्मनच्या वाटीत होता. मी लोकर तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला होते, नमुने घ्यायला आले होते. पायात पंपशूज होते. धोंडिराम फलटणकडचे धनगर, वयाने माझ्याएवढेच. दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात यायचं, खतासाठी लोकांच्या शेतात मेंढरं बसवायची आणि पावसाच्या तोंडावर परत घाट चढायचा, ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. माझ्या हातातली कात्री बघून ते हसले. "आधी हात तर घाला, बाई." मी शेजारच्या काळ्या मेंढीच्या पाठीत बोटं घातली. वरून ती दवाने गारठलेली होती आणि आत कातडीपाशी कोरडी, ऊबदार होती. चहा संपेपर्यंत मी हात काढला नाही.

त्या सकाळमुळेच हा कागद लिहावा लागतो आहे.

मी, उत्तरा आत्माराम पेडणेकर, वय वर्षे ६८, अविवाहित, निवृत्त, राहणार मुलुंड पूर्व, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. स्मरणशक्ती शाबूत आहे. रक्तदाब थोडा वर आहे, पण भाच्याशी बोलणं झालं की तो वर असतोच. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. प्रयत्न झाला, त्याची हकिकत कलम तीनमध्ये आहे.

कलम एक. गेल्या ऑक्टोबरमध्ये मी केलेले मृत्युपत्र या लेखाने रद्द करते. ते वकिलांनी टाईप केलेलं होतं, सुबक होतं आणि चुकीचं होतं. का, ते पुढे येईल.

कलम दोन. मिळकतीची वाटणी समजायची तर माझी चूक आधी सांगायला हवी.

माझे बाबा मालवणहून आले आणि ठाण्याच्या लोकरीच्या गिरणीत प्रतवारी खात्यात लागले. डोळे मिटून, नुसत्या बोटांनी ते लोकरीची प्रत सांगायचे. मी कॉन्व्हेंटमध्ये. तिथे सिस्टर आम्हाला पांढऱ्या, मऊ, परदेशी लोकरीचं विणकाम शिकवायच्या. चांगली लोकर म्हणजे पांढरी आणि मऊ, हे माझ्या डोक्यात तेव्हा बसलं ते बसलंच. प्रयोगशाळेतही मोजमाप तेच होतं. धागा जितका बारीक तितका गुण वर. दख्खनी मेंढीची लोकर जाड, काळी, केसाळ. माझ्याच सहीच्या १९९१ च्या अहवालात ती 'हलकी, सुधारणेस पात्र' ठरली.

त्याच साली सुधारणेसाठी पांढरे संकरित मेंढे वाटण्यात आले. धोंडिरामना तसा मेंढा नको होता. "बाई म्हणतात तर घेतो," एवढंच ते म्हणाले. दुसऱ्या वर्षी कोकरं पांढरी, गुबगुबीत झाली. मी त्यांचे फोटो काढले. मेअखेर घाट चढताना वळवाने गाठलं आणि तीन दिवस झोडपलं. त्या सुंदर लोकरीने स्पंजासारखं पाणी धरलं. खुरं कुजली. पांढरी कोकरं घाटातच राहिली. काळ्या मेंढ्यांनी अंग झाडलं आणि त्या चालू लागल्या.

मी भेटायला गेले तेव्हा धोंडिरामनी मला बसायला घोंगडी टाकली. रागाने बोलले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "तुमची लोकर पाणी पिती, बाई. आमची सांडती. कागदावर ते कुठं लिवायचं असतं?"

ते लिहायला माझ्या तक्त्यात रकानाच नव्हता.

नंतरची तीस वर्षं मी ते रकाने भरले, नोकरी सांभाळून आणि निवृत्तीनंतरही. काळ्या मेंढीची आई कोण, बाप कोण, घाटाला कशी चालली, दुष्काळात काय केलं. दिवसाला सात-आठ कोस चालते. काट्याकुट्यावर, वाळल्या पाल्यावर भागवते. चारा आटला की स्वतः हडकते पण कोकराला दूध देते, आणि फारच वाईट साल असेल तर त्या साली गाभणच राहत नाही. एवढी समज माणसांत मला क्वचित दिसली. माडग्याळच्या मेंढीलाही मी नावं ठेवणार नाही. राघूच्या चोचीसारखं नाक, पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपके, भराभर वाढणारी. जतच्या कोरड्या माळावर ती राणीच आहे. पण प्रत्येक माळाची मेंढी वेगळी असते आणि तिला तिथली माती घडवते, हे मला उशिरा कळलं.

धोंडिरामची पारखण्याची पद्धत नोंदवून ठेवते, कारण ती कुठल्या पुस्तकात नाही. मेंढा निवडताना ते मेंढा बघायचेच नाहीत, त्याची आई बघायचे. घाट चढून आल्यावर तिच्या कासेत दूध आहे का? मग मेंढ्याची जीभ बघायचे. जीभ काळी तर कोकरू काळं, असं म्हणायचे. (माझ्या वहीप्रमाणे दहात सात वेळा खरं.) आणि असा मेंढा विकायचा नाही. दोन वर्षांनी दुसऱ्या वाड्यावर, म्हणजे दुसऱ्या कुटुंबाच्या चालत्या मुक्कामावर, मेंढ्याच्या बदल्यात मेंढा द्यायचा. त्यामुळे रक्त फिरतं राहतं. त्या साली हाती उरलेल्या सात काळ्या मेंढ्यांवरून त्यांनी कळप पुन्हा उभा केला तो असा.

धोंडिराम तीन वर्षांपूर्वी गेले. आज कळपात एकेचाळीस मेंढ्या आहेत आणि त्या त्यांची सून सुगंधा सांभाळते. तिचा नवरा लोणंदला टेम्पो चालवतो आणि दर दिवाळीला म्हणतो, विकून टाक. काळ्या लोकरीला आता गिऱ्हाईक नाही, मटणाला वजन लागतं. आजूबाजूच्या बहुतेक वाड्यांवर दुसऱ्या जातीचे मेंढे आले. मी गेल्यावर हा कळप किती दिवाळ्या टिकेल, ही माझी एकमेव काळजी आहे.

कलम तीन. माझा भाऊ हयात नाही. त्याचा मुलगा नितेश बोरिवलीला असतो. तो गुणी आहे, मला डॉक्टरकडे नेतो, औषधाच्या डबीत वारांप्रमाणे गोळ्या भरतो. इमारत पुनर्विकासाला जाणार म्हटल्यावर त्याने विषय काढला.

"आत्या, तू फ्लॅट मेंढ्यांना देणार? सिरियसली?"

"मेंढ्यांना नाही रे. सुगंधाला."

"एकच झालं ना, यार! नव्या बिल्डिंगमध्ये लिफ्टमधून मेंढरं वर जाणार. सोसायटीची वाट लागेल."

"तुझ्यापेक्षा शिस्तीत जातील."

तो हसला आणि गोळ्यांची डबी मिटली. "आजोबांनी डबल ड्युटी करून तुला शिकवलं आत्या. घरात काहीतरी राहू दे."

हाच तो दबाव. त्याचं म्हणणं खोटं नाही, म्हणून मला दोन रात्री झोप लागली नाही. पण बाबांनी मला लोकर ओळखावी म्हणून शिकवलं, आणि मी ती ओळखायला चुकले. सबब मालवणच्या घरातील माझा हिस्सा आणि बाबांचं लोकर बघायचं पितळी भिंग नितेशला द्यावं. आईच्या पाटल्या त्याची मुलगी जान्हवी हिला. तिने त्या मोडून काही केलं तरी माझी हरकत नाही.

कलम चार. सोसायटीचे सेक्रेटरी चंद्रप्रकाश यांनी माझी घोंगडी गच्चीत वाळत घातल्याबद्दल मला चार लेखी नोटिसा दिल्या, कारण 'उग्र वास'. त्यांना माझ्याकडची सर्वांत जाड घोंगडी द्यावी. पावसात पाण्याची टाकी बघायला तेच एकटे वर जातात, हे मी खिडकीतून बघत आले आहे.

भांडुपचे डॉ. प्रबुद्ध हे जनावरांचे डॉक्टर. स्वतःच्या स्कूटरला पेट्रोल घालून त्यांनी माझ्याबरोबर अनेक वाडे पालथे घातले. त्यांना मी या मृत्युपत्राचे व्यवस्थापक नेमते. नोंदींच्या एकोणीस वह्या त्यांनी घ्याव्यात आणि नक्कल सुगंधाला द्यावी. १९९१ चा अहवालही त्यातच ठेवावा. फाडू नये.

कलम पाच. आता ऑक्टोबरच्या मृत्युपत्राबद्दल. त्यात मी फ्लॅट सुगंधाला दिला होता, पण अटींवर. कळप शुद्ध काळाच ठेवावा. परका मेंढा सोडू नये. दरवर्षी तपासणी व्हावी. अट मोडल्यास मिळकत काढून घ्यावी. मला ते फार चोख वाटलं होतं.

जानेवारीत सुगंधा मुलुंडला आली, तेव्हा तिला वाचून दाखवलं. ती जमिनीवर बसून मेथी निवडत होती. शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, "बाई, तुमी पुन्हा त्येच करताय."

"काय तेच?"

"मामंजींना बी तुमी कागदच दिलावता. साल वाईट गेलं, पोरीच्या फीला चार काळ्या इकल्या, तर? तुमचा वकील येनार का रानात, माजी मेंढरं मोजाया?"

मी म्हटलं, "मग तू ठेवशील ना गं त्या? निदान तोंडाने तरी सांग."

तिने मेथीची जुडी झटकली. "ठेवीन म्हनून लिवून न्हाय देनार. आजपातूर ठेवल्यात, त्येवढं बघा."

ती गेल्यावर मी वही काढली. सासरे गेल्यापासूनच्या तीन सालांत तिने निवडलेला प्रत्येक मेंढा तपासला. तिन्ही वेळा तिने आई बघितली होती. एकदाही मला विचारलं नव्हतं.

कलम सहा. सदनिका क्रमांक अकरा, ही माझी स्वकष्टार्जित मिळकत, तिचे पुनर्विकासातील सर्व हक्क आणि बँकेतील माझी सर्व शिल्लक मी सुगंधा कोळेकर हिला एकटीच्या नावावर देत आहे. तिच्या पतीचा त्यावर हक्क राहणार नाही. घर राखावं, भाड्याने द्यावं की विकावं, हे तिने ठरवावं. मेंढा कुठला सोडायचा, मेंढ्या किती ठेवायच्या, ठेवायच्या की नाही, हेही तिनेच ठरवावं. या देण्याला कोणतीही अट नाही.

ठिकाण : मुलुंड पूर्व, मुंबई
दिनांक : ११ फेब्रुवारी २०२५

लिहून देणार : उत्तरा आत्माराम पेडणेकर (सही)

वरील सही आम्हा दोघांसमक्ष झाली आणि आम्ही एकमेकांसमक्ष सह्या केल्या :
१. नीलम कांबळे, शेजारी, सदनिका क्रमांक बारा (सही)
२. अंबादास परब, निवृत्त टपाल कर्मचारी, मुलुंड पूर्व (सही)