बसलेल्या राजाची तसबीर

मी, इंद्रजित राजीव ओव्हाळ, वय सव्वीस, राहणार लीड्स, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, अंगात ताप नाही, आणि कोणी बळजबरी केलेली नाही. उलट सगळे नको म्हणत आहेत. येत्या गुरुवारी माझ्या गळ्यातली थायरॉइडची गाठ काढणार आहेत. सर्जनबाई म्हणाल्या, जिवाला धोका नगण्य आहे. नगण्य म्हणजे शून्य नव्हे, म्हणून लिहितो. मराठीत लिहितो, कारण आजीला हे कोणाकडून वाचून घ्यावं लागू नये.

१. हे सर्व माझी बहीण कल्याणी हिने अमलात आणावं. बँकेत जे असेल ते तिचं. खोलीतलं सामान ‘जंक’ म्हणून टाकण्याआधी तिने पुढची कलमं वाचावीत.

२. आजी कांताबाई यांना माझा जुना फोन. त्यात मी विहारात म्हटलेलं त्रिशरण आहे. पासवर्ड आजीची जन्मतारीख, पासपोर्टवरची. खरी कोणालाच माहीत नाही.

३. लाल झगा आणि पांढरी दाढी आमच्या हौशी ऑपेरा मंडळाला परत. दाढी शाम्पूने धुऊ नये. मी दिवसा गाद्यांची व्हॅन चालवतो आणि मंडळात बास गातो, म्हणजे पुरुषांतला सर्वांत खालचा आवाज. बासवाल्याला ऑपेरात प्रेयसी मिळत नाही. तो बाप होतो, धर्मगुरू होतो, राजा होतो, नाहीतर सैतान. म्हणून मी तेविसाव्या वर्षापासून म्हातारा आहे. आमचा टेनर, म्हणजे वरच्या आवाजात नायक गाणारा, अंशुमन याच्याकडे माझा मफलर आहे, तो त्याने ठेवावा. पण “बासवाल्यांना काय, नुसतं गुरगुरायचं” हे मला लागलं होतं, एवढं त्याला कळावं.

४. भिंतीवरची तसबीर. ती राजाच्या वेषातल्या जोनास हार्डकॅसल याची आहे. मला ती एका चॅरिटी शॉपमध्ये मिळाली, तेव्हा हा कोण ते दुकानात कोणालाच माहीत नव्हतं. मी शोधून काढलं. लोकर विंचरणाऱ्याचा मुलगा, इथलाच, लीड्सचा. चॅपलमध्ये गाता गाता बाविसाव्या वर्षी, १८३४ साली, लंडनच्या रंगमंचावर म्हातारा राजा झाला. इतक्या काटकुळ्या पोरातून एवढा आवाज येतो कुठून, म्हणून लोक पुढे वाकून बघायचे. पुढे डब्लिन, मिलान. बासचा आवाज पस्तिशीनंतर पिकतो. जोनासचा पिकला आणि सहा वर्षांत एका हिवाळी तापाने गेला. उरलेलं आयुष्य त्याने चॅपलच्या मुलांना गाणं शिकवलं. त्याच्या बापाला नाटकगृह म्हणजे पाप वाटे. त्याने मुलाला कधीच ऐकलं नाही. त्या बापाचं मृत्युपत्र मी अभिलेखागारात पाहिलं. त्यात पाच मुलांची नावं आहेत. जोनासचं नाही. <s>तसबीर मंडळाला द्यावी.</s>

५. मी वाचलो आणि आवाज गेला तर. स्वरतंतू हलवणारी नस त्या गाठीच्या अगदी मागून जाते.

कल्याणी म्हणाली, “अरे, विल मेल्यावर लागू होतं, आवाज गेल्यावर नाही. खोड ते.”

“मला भीती त्याचीच आहे,” मी म्हणालो.

कलम ठेवलं आहे. तसं झालं तर कोणीही मला “निदान जीव तरी वाचला” असं म्हणू नये.

<s>६. माझे वडील राजीव ओव्हाळ यांना काही नाही. हे विसरून राहिलेलं नाही. इथल्या कायद्यात साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, म्हणून साक्षीदार त्यांनाच केलं आहे. ते माझ्या एकाही प्रयोगाला आले नाहीत. मी सतराव्या वर्षी कॉलेज सोडलं तेव्हा म्हणाले, “बाबासाहेबांनी शिका म्हटलंय, गा नाही म्हटलं.” आणि म्हणाले, “माझे आजोबा लोकांच्या लग्नात मांडवाबाहेर उभे राहून वाजवायचे. आत कोणी बोलवायचं नाही. तू तेच तिकीट लावून करतोयस. ते बघायला मी येणार नाही.”</s>

७. हे कलम आज, सही करण्याआधी लिहीत आहे. बाबा सही करायला आले, चष्मा लावला आणि पहिल्यापासून वाचायला लागले.

“साक्षीदाराने वाचायची गरज नसते, बाबा.”

“न वाचता सही करू? हेच शिकवलं का तुला?”

सहावं कलम वाचलं. परत चौथ्यावर गेले. मग भिंतीकडे पाहत राहिले.

“हा बसलाय.”

“राजा आहे ना तो. सिंहासनावर बसूनच गातो.”

“तू पण?”

“हो. अख्खा सीन.”

“आणि बाकीचे?”

“उभे. राजा उठेपर्यंत कोणी बसत नाही.”

बाबांनी पेनला टोपण लावलं.

“सही केली तर मला काही मिळत नाही, राइट?”

“नाही मिळत.”

“मग दुसरं कोणीतरी बघ. हा माणूस माझ्या भिंतीवर येऊ दे.” दारापर्यंत जाऊन वळले. “थांब, मीच बघतो. तू बोलू नकोस जास्त. गळा जप.”

म्हणून चौथ्यातली शेवटची ओळ आणि पूर्ण सहावं कलम खोडलं आहे. शेजारी माझी आणि दोन्ही साक्षीदारांची आद्याक्षरं आहेत. तसबीर बाबांना. मी जगलो तरी ती त्यांच्याकडेच राहील; बघायला मी जाईन.

शेजारच्या दोघांना बाबा जेवणावरून उठवून घेऊन आले. त्यांच्या देखत मी सही करत आहे, माझ्या देखत ते करत आहेत. राजीव ओव्हाळ पूर्ण वेळ खोलीत हजर आहेत. त्यांची सही नाही, कारण ते वारस आहेत.

सही: इंद्रजित राजीव ओव्हाळ

साक्षीदार: देवयानी रणपिसे
साक्षीदार: विहान रणपिसे

लीड्स, रविवार, १२ ऑक्टोबर २०२५