जोड पक्का होता

अण्णा,

तुमचा जोड पक्का होता. हे एवढंच वाक्य मला वीस वर्षांपूर्वी, डाळमिलच्या मागच्या तुमच्या गॅरेजात, चार माणसांसमोर बोलायचं होतं. मी बोलले नाही. माईक हातात आला की मी कुणाला भीत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. गावाचं पाणी कुणी अडवलं, शाळेची खोली कुणी बळकावली, हे मी त्या त्या माणसाच्या तोंडावर विचारलं आहे. चूक ज्याची त्याने उभं राहून कबूल करावी, हे मी इतक्या मंडपांत सांगितलं की माझ्या मागे बसणाऱ्यांना ते पाठ झालंय. त्या दुपारी मात्र मी माझी चूक तुमच्या नावावर जाऊ दिली. तुम्हाला जाऊनही आता अकरा वर्षं झाली.

ती पांढरी डिझेल गाडी तुम्ही भंगारातून उभी केली होती, माझ्या दौऱ्यांसाठी. सभा लांबली की शेवटची एसटी निघून जायची आणि मी कुठल्या तरी स्टँडवर बसून राहायची, ते तुम्हाला पसंत नव्हतं. गाडी चालायची, पण मार्चच्या उन्हात चढाला लागली की तिचा जीव जायचा. एका रविवारी तुम्ही बॉनेट उघडून बराच वेळ नुसते बघत बसलात. मग मला बोलावून माझा हात एअर फिल्टरच्या डब्याच्या तोंडाशी धरलात. ‘लागतंय का काही?’ झळ लागत होती. हवा ओढायचं तोंड रेडिएटरच्या मागे होतं. इंजिन स्वतः तापवलेली हवाच पुन्हा आत घेत होतं. ‘तापली की हवा पातळ व्हती, माय. पोट भरल्यासारखं दिसतं, पण आत काही जात न्हाई. थंड हवा दाट असती. दाट हवा गेली तरच डिझेल नीट जळतं.’ तुम्ही सातवीत शाळा सोडली होती. मी ढिगाने पुस्तकं वाचली होती, आणि गाडीला दम का लागतो हे मला तुमच्याकडून कळत होतं.

मला सोपी वाट ठाऊक होती. नांदेडच्या एका दुकानात डब्याशिवायचा उघडा फिल्टर मिळायचा. तो लावला की गाडी डरकाळी फोडते, असं मी तुम्हाला उत्साहाने सांगितलं. तुम्ही हसलात. ‘तुला आवाजाचा लई सोस. आवाज वाढला म्हंजी गाडी पळती का? बॉनेटखाली उघडा ठेवला तर त्यो गरमच हवा खाईल, फक्त वरडून खाईल.’ बॅटरीवाले चाचा शेजारी बसून चहा पीत होते. ते म्हणाले, ‘मिस्त्री, हे गाडीबद्दल चाललंय की पोरीबद्दल?’ मी रागावले, आणि मग तुमच्याआधी मीच हसले.

तुम्ही पत्रा वळवून पाइप केलात. त्याचं तोंड पुढे, हेडलाइटच्या बाजूला, जिथे बाहेरची हवा थेट लागते. पाऊस आत जाऊ नये म्हणून तोंडाला खाली बाक दिला. रबराचे दोन जोड, एक डब्याच्या आधी, एक डब्यातून इंजिनकडे जाताना, त्यांवर पट्ट्या, आणि प्रत्येक जोडावरून ओलं बोट फिरवून तुम्ही हवा कुठे चोरून शिरते का ते पाहिलंत. मग नांदेड रस्त्याचा चढ. मागे तुरीची चार पोती टाकून आधी जुन्या तोंडाने चढवली, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, तेवढ्याच पोत्यांनी, नव्या पाइपाने. पहिल्या दिवशी अर्ध्यातच गिअर खाली घ्यावा लागला होता. दुसऱ्या दिवशी ती वरच्या गिअरमध्येच माथ्यावर पोचली. मी ओरडले, ‘अण्णा, ताकद वाढली.’ तुम्ही म्हणालात, ‘वाढली न्हाई. तिची तिला मिळाली.’ ते वाक्य मी पुढे किती सभांत वापरलं, माणसांबद्दल. तुमचं आहे असं मी दर वेळी सांगितलं नाही.

पाइपाची बातमी फिरली. दोन टेम्पोंना तुम्ही तो बसवून दिलात, आणखी तिघे सांगून गेले होते. ज्यांनी आयुष्यभर तुम्हाला ‘ए मिस्त्री’ म्हणून हाक मारली, ते बॉनेट उघडून ‘हे कसं सुचलं?’ म्हणून विचारू लागले. तुम्ही फार बोलायचा नाहीत, पण त्या दिवसांत तुमचा शर्ट इस्त्रीचा असायचा. आई त्यावरून तुम्हाला चिडवायची.

मग एप्रिल आला, जयंतीचा महिना, आणि मी दौऱ्यावर निघाले. निघताना तुम्ही मला पिवळ्या दांड्याचा एक स्क्रूड्रायव्हर दिलात. ‘ह्यानं डब्याची पट्टी सैल व्हती. आठ दिवसाला फिल्टर काढायचा, आतून बाहेर हवा मारून घ्यायची. लई भरला तर नवा घ्यायचा. पण त्याच्याबिगर गाडी चालवायची न्हाई. एक दिवसबी न्हाई. माती आत गेली की इंजिन घासून खाती.’ मी हो म्हणाले. मी तेव्हा भाषणाचे मुद्दे मनात लावत होते.

देवणीकडच्या कच्च्या रस्त्यांनी बारा दिवस फिरले. फिल्टर एकदाही काढला नाही. विष्णुपुरीला इंजिनिअरिंगच्या मुलांनी भाषण ठेवलं होतं, त्या दिवशी नांदेडच्या अलीकडे गाडी ओढेनाशी झाली, मागे काळा धूर. उतरून डबा उघडला तर फिल्टर मातीने चोंदलेला. तो दोनदा टायरवर आपटला, घड्याळ पाहिलं, आणि तसाच डिकीत टाकला. डबा रिकामा बंद केला. गाडी सुटलेल्या वासरासारखी धावली. मी वेळेवर पोचले आणि त्या मुलांना तुमच्या पाइपाची गोष्ट सांगितली: चढ तोच, ओझं तेच, वेळ तीच, बदल फक्त एक, विज्ञान याला म्हणतात, आणि ते माझ्या सातवी शिकलेल्या बापाने डाळमिलच्या मागे केलं. टाळ्या थांबत नव्हत्या. फिल्टर डिकीत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नांदेडात दुकानं उघडी होती. मी नवा घेतला नाही, कारण गाडी इतकी छान पळत होती. तुम्ही उगाच घाबरता, असंही मला वाटलं. अजून अठरा दिवस मी तिला त्याच धुळीतून तशीच पळवली. शेवटी निळा धूर दिसू लागला, ऑइल कमी होऊ लागलं. तेव्हा मी दुकानात गेले, नवा फिल्टर घेतला, डबा फडक्याने आतून पुसला, फिल्टर बसवला, पट्टी तुम्ही दिलेल्या स्क्रूड्रायव्हरने आवळली. जुना वाटेतल्या एका नाल्यात टाकला. आणि लातूरला आले.

तुम्ही आवाज गल्लीच्या तोंडाशीच ओळखलात. इंजिन खोलेपर्यंत दुपार झाली. सिलिंडरवर उभे ओरखडे, पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या, फिल्टरकडून इंजिनात जाणाऱ्या नळीत मातीचा थर. चाचा आले, टेम्पोवाले दोघे आले. एकाने विचारलं, ‘मिस्त्री, पाइपानं खाल्लं का इंजिन?’ तुम्ही फिल्टर उन्हाकडे धरून पाहिलात. मग माझ्याकडे पाहिलंत. मग त्यांच्याकडे वळून म्हणालात, ‘माझा जोड कच्चा ऱ्हायला. तिथून धूळ गेली. तुमच्या गाड्यांचे पाइप उद्या काढून देतो.’ चाचा म्हणाले, ‘तुमचा जोड अन् कच्चा? पटंना बगा.’ ‘ऱ्हातोय एखाद वेळी,’ तुम्ही म्हणालात. मी चार पावलांवर उभी होते.

टेम्पोंचे पाइप दुसऱ्या दिवशी निघाले. सांगून गेलेले तिघे पुन्हा आले नाहीत. मे महिन्याच्या उन्हात तुम्ही ते इंजिन एकट्याने पुन्हा बांधलंत आणि हवेचं तोंड परत रेडिएटरच्या मागे, होतं तसं केलंत. आई मला म्हणाली, ‘तुझा बाप नीट जेवंना झालाय. गाडीचं लई मनाला लावून घेतलं.’ मी तिला म्हणाले, होईल ठीक. तुम्ही पुन्हा कुठल्याही गाडीत स्वतःच्या डोक्याने काही बदललं नाहीत. त्यानंतर तुम्ही नऊ वर्षं होतात. नऊ वर्षांत आपण कितीदा ताटाला ताट लावून जेवलो, आणि मी गावोगाव खरं बोलत फिरले.

मागच्या आठवड्यात इथल्या एका गॅरेजात माझ्या आताच्या गाडीचा फिल्टर काढला. मुलीच्या वयाची मेकॅनिक आहे, चुणचुणीत. तो तपकिरी गठ्ठा माझ्यासमोर धरून म्हणाली, ‘महिना झाला नसंल मॅडम बदलून. लातूरची हवा हाय, डाळीचा भुस्सा. हितं महिनाभर पांढरा ऱ्हायला तर समजायचं, त्यो गाडीत नव्हताच.’ ती हसली. मी तिथल्या स्टुलावर बसले. माझा फिल्टर पांढरा होता, अण्णा. महिनाभर देवणीच्या मातीत फिरून आलेला, पांढराशुभ्र. तुम्ही तो उन्हाकडे धरलात तेव्हाच तुम्हाला सगळं कळलं होतं. जोड कच्चा नव्हता हे माहीत असून तुम्ही तो कच्चा म्हणालात, कारण माझं नाव गावोगाव होतं आणि तुमचं एका गल्लीपुरतं. हे मला आठ दिवसांपूर्वी कळलं.

त्या पोरीकडून मी गाडीला तसाच पाइप बसवून घेऊ पाहिला. ती म्हणाली, आताच्या गाड्यांना तोंड पुढेच असतं, गरज नाही. मग मी तिला तुमचे जोड कसे होते ते सांगितलं, ओलं बोट कसं फिरवायचं तेही. टेम्पोवाल्यांपैकी एक अजून आहेत. रविवारी त्यांच्याकडे जाऊन सांगणार आहे. हे पत्र गाडीच्या कप्प्यात, पिवळ्या स्क्रूड्रायव्हरजवळ राहील.

एक दुरुस्ती. लोक गेल्यावर तुम्ही तो फिल्टर माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, ‘धर, माय. नवा हाय, कामाला यील.’ मी खाली बघून तो घेतला. आठ दिवसांपूर्वी कळलं असं वर लिहिलंय, ते खरं नाही. मला तेव्हाच कळलं होतं.