बगळ्याच्या पायाचा जोड

४ जानेवारी, सकाळी ८
नवीन वर्षाचे संकल्प. रोज सहा तास लोखंडकाम. कुणाचाही हेवा करायचा नाही. तसा तो माझ्या स्वभावात नाहीच.
वाचनालयासमोर शिल्प बसवायचं ठरलंय. लोकांनी घरातलं मोडकंतोडकं धातूसामान आणायचं आणि सगळ्यांनी मिळून त्याचं शिल्प करायचं. पुढारपणाला अनुभवी शिल्पकार हवाय. आसपास अनुभवी शिल्पकार एकच. बावीस वर्षं मी लोखंड वाकवतोय. वाचनालयाच्या समितीचं पत्र आलं की लगेच हो म्हणणार नाही. दोन दिवस ताटकळत ठेवीन.

९ जानेवारी
पत्र नाही. टपालखात्यावर विसंबण्याचे दिवस गेले.

११ जानेवारी
काम मेहुण्याला दिलं. हिच्या धाकट्या भावाला. प्लंबर आहे तो. मागच्या वर्षी जुन्या नळांचा एक कोंबडा करून दुकानाबाहेर ठेवला, तेव्हापासून लोक त्याला आर्टिस्ट म्हणतात. त्याला वेल्डिंग शिकवलं कुणी? मी. माझ्याच शेडमध्ये.
मला काहीही वाटलं नाही. हिला तसं तीनदा सांगितलं. ती म्हणाली, एकदाच सांगितलं असतं तर पटलं असतं.

१२ जानेवारी
मेहुणा घरी आला. म्हणाला, भाऊजी, एका पायावर उभा असलेला बगळा करावा म्हणतोय. तुमचा हात लागला तर बरं होईल. मी म्हणालो, बघू, सध्या फार व्याप आहे. तो गेल्यावर शेडमध्ये जाऊन बसलो आणि व्याप कोणता घ्यावा याचा विचार केला.
ठरलं. ‘अनंताचा कोन, क्रमांक चार’. बगळा त्याच्यापुढे खेळणं वाटेल. क्रमांक एक ते तीन शेडमध्येच आहेत, कारण दाखवायची मला घाई नाही.

२५ जानेवारी
‘क्रमांक चार’ मनात पूर्ण आहे. आता फक्त करायचा राहिलाय.
वाचनालयामागच्या शेडमध्ये नुसता डोकावून आलो. तीसेक माणसं. न्हावी बोथट कात्र्या घेऊन आलेला. एका बाईंनी नवऱ्याच्या सायकलची घंटी आणली होती. नवरा गेल्या वर्षी गेला. घंटी कुठे लावायची हे मेहुण्यानं त्यांनाच विचारलं. त्यांनी बगळ्याच्या छातीकडे बोट केलं. शिल्पाच्या दृष्टीनं साफ चूक, पिसांची लय तुटते. सांगणारच होतो, पण बाई रुमालानं घंटी पुसत होत्या. पुसून झाली तरी पुसत होत्या.

३ फेब्रुवारी
आज त्यांना थोडं मार्गदर्शन केलं. मेहुण्यानं खडूनं खुणा केल्या होत्या तिथे खाली वाकून चार जोड मारले. शेडमधला उजेड दळभद्री, माझ्या हेल्मेटची काचही धुरकट, पण मुरलेल्या हाताला उजेड कशाला लागतो. सगळे बघत उभे होते. शेवटी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, भारावून गेले असावेत.

१७ फेब्रुवारी
बगळा उभा केला. परवा उद्घाटन.
सगळे चहाला गेले तेव्हा सहज त्याच्या पायावरून बोट फिरवलं. एका जोडात नख शिरलं. चांगली बोटभर भेग. दोन मुलं लोंबकळली की बगळा आडवा. शेवटी प्लंबर तो प्लंबरच.
लगेच सांगणं कर्तव्य आहे. पण उद्घाटनाला सांगितलं तर जास्त लोकांचं प्रबोधन होईल.

१८ फेब्रुवारी
सकाळी वाचनालयावरून गेलो. चार-पाच पोरं बगळ्याचा पाय धरून गरागरा फिरत होती. सगळ्यांना हाकललं. एक चिमुरडी म्हणाली, काका, आम्ही त्याला दुखवत नव्हतो.
तिथून तडक समितीच्या बैठकीत. सगळ्यांना बाहेर आणून भेग दाखवली. म्हणालो, हा जोड ज्यानं मारला त्याच्या हातात पुन्हा वेल्डिंगचं मशीन देऊ नका. मेहुणा क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, चूक माझी, मी तपासायला हवं होतं, आजच काढून नवा मारतो. ग्रंथपालबाईंनी उद्घाटन दहा दिवस पुढे ढकललं.
घरी येताना पिसासारखं हलकं वाटत होतं.

१९ फेब्रुवारी
दुपारी हिनं फोन पुढे केला. तीन तारखेचा फोटो. बगळ्याचा पाय, खडूची खूण आणि खाली वाकलेला मी.
म्हणाली, अख्ख्या शेडला माहीत आहे, फक्त समितीला नाही. त्यानंच सगळ्यांना गप्प राहायला सांगितलंय.
फोटो नीट आलेला नाही. शिवाय मशीन त्यांचं. शिवाय उजेड.
म्हणजे चांगुलपणातही त्यानं माझ्यावर मात केली. हे मात्र फार झालं.

२१ फेब्रुवारी
मेहुण्याला मोठ्या मनानं माफ करून टाकायचं ठरवून गेलो. तो कुणाच्या तरी स्वयंपाकघरात सिंकखाली आडवा पडलेला. बाहेर फक्त पाय. माफीचं भाषण विसरलो. त्या पायांना म्हणालो, जोड माझा होता.
आतून आवाज आला, भाऊजी, बाराचा पाना द्या.
दिला. मग तो सरपटत बाहेर आला आणि पाना माझ्यासमोर धरला. चौदाचा होता. म्हणाला, डोळे तपासून घ्या.

२४ फेब्रुवारी
डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून अंधुक दिसतंय? मी म्हणालो, परवापासून. ते म्हणाले, चार-पाच वर्षं तरी झाली असतील.

२७ फेब्रुवारी
चष्मा आला. ‘अनंताचा कोन’ एक ते तीन चष्मा लावून पाहिले. शेडला कुलूप लावलं.

१ मार्च, संध्याकाळी ६
उद्घाटन. ग्रंथपालबाईंना बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं. बरेच दिवस मनात जुळवलेली वाक्यं होती. त्या म्हणाल्या, बरं बरं, जरा सरका, फोटोत येताय.
सरकलो आणि बगळा नीट पाहिला. पहिल्यांदाच. चमच्यांची पिसं, कात्र्यांची चोच, छातीवर घंटी. तिथं लय तुटत नाही, तिथूनच सुरू होते. मान वाकवून तो पाण्यात बघतोय. खाली फरशी आहे, पाणी नाही. तरी मी मासा शोधायला खाली पाहिलं.
माझ्या कामाखाली कुणी कधी काही शोधलेलं नाही.
मेहुणा शेजारी येऊन उभा राहिला. कसा झालाय, भाऊजी?
मी म्हणालो, मान जराशी जास्त वाकलीये.
तो मान डोलावून बघत राहिला. मग मी म्हणालो, नाही, बरोबर आहे.