धुक्यातली मालगाडी

बाबा,

तुमच्या त्या मोटारींच्या शर्यतीच्या गेमबद्दल लिहायचं आहे. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर यात लिहिण्यासारखं काय, असं म्हणतील. म्हणून तुम्हालाच लिहिते.

रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं तेव्हा सगळे म्हणायचे, आता ऑफिसांत कॉम्प्युटर येणारी माणसं लागतील. मी कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला नाव घातलं आणि तुम्ही रिटायर झाल्या झाल्या गुढियारीच्या घरी कॉम्प्युटर आणला. जोडून देणाऱ्यानं आत ग्राफिक कार्ड बसवलं आणि सोबत गेमची सीडी दिली. मशीन माझ्यासाठी आलं होतं, पण दुपारभर त्याच्यासमोर तुम्हीच असायचे. सारा जन्म मालगाडी चालवलेल्या माणसाला अचानक ड्युटी नाही, कुणी बोलवायला येत नाही. आई म्हणायची, बसू दे, निदान यार्डाकडे कान लावून तर बसत नाहीत.

मला अजून दिसतं. तुम्ही लाकडी खुर्चीत ताठ बसला आहात, पायातल्या चपला बाहेर काढून. गेममधला रस्ता घाटाचा आहे, एका बाजूला दरी, आणि समोर दाट पांढरं धुकं. चार हातांपलीकडे काही नाही. तुम्ही मला शेजारी स्टुलावर बसवता आणि सांगता, "बाई, तू आता असिस्टंट. जे दिसन ते मोठ्यानं बोलायचं." रेल्वेत ड्रायव्हर आणि असिस्टंट सिग्नल दिसला की मोठ्यानं बोलून दाखवतात, एकानं म्हटलं की दुसऱ्यानं तेच परत म्हणायचं, हे मी तेव्हा शिकले. वळणावर पिवळ्या बाणांची पाटी आली की तुम्ही हात वर करून म्हणायचे, "पिवळा." मीही म्हणायची, "पिवळा." आणि तुम्ही गाडी हळू करायचे.

बाकीच्या गाड्या भसाभस पुढं निघून जायच्या. मी म्हणायची, "बाबा, सगळे गेले."

"पुढं काय दिसून राहिलं तुले?"

"काही नाही."

"मंग काहून पळवू?"

एकदा तर मागून लाल गाडी आली आणि तुम्ही आपली गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन चक्क उभी केली. ती गेल्यावर परत चालू केली. आई कणीक मळता मळता दारात येऊन बघत होती. "अहो, शर्यत हाये ना ते? का उभे राह्यले?"

"एक्सप्रेस होती. मालगाडीले बाजूच्या लूप लाईनमंदी थांबाच लागते."

"खेळातबी मालगाडीच का?"

"गाडी तेच हाये, माणूस तोच हाये," तुम्ही म्हणालात आणि नजर काचेवरून हलवली नाही. शेवटी वेळ संपल्याचं पडद्यावर यायचं. तुम्ही हरलो असं कधी म्हटलं नाही. "लेट झाली," म्हणायचे आणि हात धुवायला उठायचे.

ही गोष्ट मी तुमच्या नातीला कितीदा सांगितली असेल. तिचा जन्म तुमच्यानंतरचा. तिच्याकडे तुमचा एक फोटो आहे आणि ही गोष्ट आहे, बाकी काही नाही. यंदा उन्हाळ्यात कपाट आवरताना ती सीडी निघाली. पोरीनं कुठून काय उतरवून घेतलं ठाऊक नाही, पण आपल्या लॅपटॉपवर गेम चालू केला. चित्र इतकं स्वच्छ की मला ओळखूच येईना. घाट तोच, दरी तीच, पण धुकं नाही. समोरचा डोंगर, त्यामागचं वळण, सगळं आरपार. ती थोडा वेळ खेळली आणि म्हणाली, "मम्मी, सामने तो पूरा रोड दिख रहा है. आजोबा डरते थे क्या?"

तिनं वाईट अर्थानं विचारलं नव्हतं. मी म्हटलं, धुकं होतं गं. ती म्हणाली, "हव मम्मी, होगा," जसं म्हाताऱ्या माणसाला हो हो म्हणतात तसं. मग मला जेवण गोड लागेना. तुमचं जे एवढंसं तिच्याकडे होतं, त्यातला माणूस भित्रा निघाला होता. आणि मीही मनात तपासू लागले, की खरंच होतं का धुकं, की मीच घातलं मागाहून.

नवा रायपूरच्या ऑफिसला बसनं जाता-येता मी फोनवर याचंच वाचत बसायची. अशी जुनी मशीनं सांभाळणारी माणसं जगात पुष्कळ आहेत. त्यांच्याकडून कळलं की त्या काळच्या काही गेममधलं धुकं ग्राफिक कार्डच काढायचं, आणि पुढच्या कार्डांनी ती पद्धत सोडून दिली. म्हणून नव्या मशीनवर गेम चालतो, धुकं तेवढं येत नाही. मग मी गुढियारीतल्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "दीदी, लोग नया लेने आते हैं, आप पीछे क्यों जा रही हो?" तरी त्यानं एक जुना कॉम्प्युटर आणि डब्बा मॉनिटर जमवून दिला. घरी लावला, गेम लागला, आणि धुकं नाही. आतलं कार्ड काही वर्षांनी नवीन होतं. परत गेले. त्यानं भंगाराची पेटी उलटी केली, मी त्याच्यासोबत खाली बसून एकेक कार्ड पुसून त्यावरची अक्षरं वाचली. तुमच्या वेळचं एक सापडलं. पंखा अडकत होता, तो त्यानं बदलून दिला.

रविवारी दुपारी पोरीलाच सुरू करायला सांगितलं. मी मागं उभी होते. घाट आला आणि पांढरं, दाट, अगदी काचेला चिकटल्यासारखं धुकं आलं. पोरीनं सवयीनं गाडी जोरात सोडली आणि दुसऱ्याच वळणाला सरळ दरीत. परत सुरू केली, परत दरीत. तिसऱ्यांदा तिनं आपणहून गती कमी केली. मान पुढं काढून बघत बघत चालवायला लागली. लाल गाडी निघून गेली, तिनं जाऊ दिली. बऱ्याच वेळानं, मागं न बघता म्हणाली, "मम्मी, आजोबा तो सही चला रहे थे." मग वेळ संपली. ती उठली नाही, पुन्हा लावली.

हे पत्र ऑफिसच्या बॅगेत डब्याशेजारी पडून राहील आणि एखाद दिवशी भाजीच्या तेलानं वाचता येणार नाही. चालेल. फक्त एक राहिलं. त्या जुनी मशीनं सांभाळणाऱ्यांनी हेही लिहिलं होतं की ते धुकं हवेचं नव्हतंच. तेव्हाच्या मशीनला लांबचे डोंगर काढायची ताकद नव्हती, म्हणून बनवणाऱ्यांनी पुढं पांढरं टाकून झाकलं. पोरगी काल म्हणत होती, बनवणारे हुशार होते, लोकांनी सांभाळून चालवावं म्हणून धुकं टाकलं त्यांनी. मी हव म्हटलं.