ग्रहण माझ्या मागोमाग आलं

ती. बाबा,

दुरूनच पाया पडते. मी मजेत आहे, थंडीही आता अंगवळणी पडली.

काल पहाटे बेकरीत चाळीस पाव जळाले. मालकीणबाई ओरडल्या नाहीत, कारण त्याही माझ्याशेजारी रस्त्यावर तोंड वर करून उभ्या होत्या. चंद्राचा एक लचकाच तोडलेला!

माझ्या सातव्या वाढदिवशी, पेपर टाकायला जाताना, सायकलच्या दांडीवर बसवून तुम्ही मला जे ग्रहण दाखवलं होतं, त्याचाच हा पुढचा फेरा. बाईंचे वडील जहाजावर होते, त्यांच्याकडून ऐकलेलं बाईंनी मला समजावलं. अठरा वर्षं, अकरा दिवस आणि आठ तासांनी तसंच ग्रहण परत येतं. त्या वरच्या आठ तासांत पृथ्वी एक तृतीयांश फिरते, म्हणून तेव्हा तिथे दिसलेलं आता इथे दिसलं. मी इतक्या लांब आले, तर तेही मागोमाग आलं.

आई म्हणते, जिना चढताना मध्येच थांबता. डॉक्टरांकडे गेलात का?

आणखी दोन फेऱ्यांनी, म्हणजे छत्तीस वर्षांनी, ते पुन्हा आपल्या गल्लीतून दिसेल. तेव्हा तुम्ही सत्त्याण्णवचे असाल. गोळ्या चुकवू नका. सायकल मी चालवीन, दांडीवर तुम्ही बसा.

तुमची,
धाकटी