डब्ब्यावरचा ओला फडका

तीर्थरूप बाबा,

आधी ‘प्रिय’ लिहिलं होतं. खोडलं.

काल तुमचं वर्षश्राद्ध झालं अन् आज सकाळी घरी टीव्हीले नवा एचडी डब्बा बसला, म्हणून लिहून राह्यली. तुमचा फोटो टीव्हीच्या बरोब्बर समोरच्या भिंतीवर आहे, म्हणजे बरंचसं तुम्हाले दिसलंच असन. पण एक गोष्ट तुम्हाले जितेपणी माहीत नव्हती. ती माह्याच तोंडून कळावी असं मले वाटते. श्रद्धांजली म्हणून नका वाचू. चुगली म्हणून वाचा.

मी आठवीत होती, तुमचे साहेब आर्वीहून आपल्या रोहण्याच्या घरी आलते, आठवते? आई सिरीयल पाहून राह्यलती अन् आत चहा उतू गेला. तुम्ही साहेबासमोर रिमोट उचलला, खांद्यावरच्या दुपट्ट्याखाली हात लपवला अन् तिच्या सगळ्या चॅनलले लॉक घातलं.

“आता बातम्या पाय,” तुम्ही म्हणाले. “कीर्तन पाय. अक्कल येईन.”

साहेब हसले. आई गॅस पुसत राह्यली.

मीही हसली होती, बाबा. त्याचा राग मले तुमच्यापेक्षा माह्यावर जास्त आहे. पण तुम्ही गेले अन् मी अजून आहे, म्हणून आज तुमचा नंबर आधी.

चहा एकदाच उतू गेलता ना? मग लॉक दहा वर्षं काऊन? मी बारावी झाली, वर्ध्यात बीए केलं, सावंगीले नोकरीले लागली, लॉक आपलं जागच्या जागी. मॅचचं चॅनलही त्यातच अडकलेलं, ते तुम्ही दुपट्ट्याखाली हात घालून तुमच्यापुरतं उघडत अन् मॅच संपली की लावून टाकत.

अन् ते संध्याकाळचं? एसटीतून उतरून घरी आले की चपला काढायच्या आणि सरळ डब्ब्यावर तळहात ठेवायचा. ताप पाहिल्यासारखा. थंड लागला की मगच “पाणी आण” म्हणायचं. आई तोवर तांब्या घेऊन उभी. तिले काय वाटत असन, हे तुम्हाले एकदाही वाटलं नाई का?

तुम्ही गेले तं सुटका होईन, असं मले वाटलं होतं. खरं सांगते, तेराव्याच्या आधीच वाटलं होतं. पण तुमची बहीण बसली ना इथं. आत्यानं टीव्हीवर चादर टाकली. “वर्षभर या घरात टीव्ही लावाचा नाई.” म्हणजे मेल्यावरही तुम्ही एक वर्ष लॉक वाढवून घेतलं. मी भांडली नाई. मी दिवस मोजले, वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवसाचं एचडीचं बुकिंग केलं आणि जुन्या डब्ब्याचं रिचार्जही मारून ठेवलं.

काल जेवणं आटोपल्यावर आत्याले कळलं.

“आता तुह्या मायले काय पाह्याचं राह्यलं वं?”

“सगळंच राह्यलं, आत्या.”

तरी ती गावाले परत गेली नाई. आज सकाळी मेकॅनिक आला तवा ती टीव्हीसमोरच अडकित्ता घेऊन बसली होती. मीच चादर ओढून काढली. मेकॅनिकनं छतावर जाऊन छत्री नीट केली, खाली आला, नवा डब्बा लावायच्या आधी जुन्यावर सिग्नल पाहतो म्हणाला. त्यानं सिरीयलचं चॅनल लावलं तं पडद्यावर आलं, पिन टाका.

“पिन काय हाये, ताई?”

“ज्याले माहीत होता तो भिंतीवर आहे,” मी म्हणाली. “जुना काढा अन् फेका.”

“चार, सात, एक, नऊ.”

आवाज सैपाकघरातून आला. आई पोळ्या लाटून राह्यलती. तिनं मानही वर केली नाई.

मेकॅनिकनं दाबलं. उघडलं, बाबा. आत्याचा अडकित्ता सुपारी धरून तसाच राह्यला.

“तुले कसं माहीत, आई?”

“तुह्या बाबाले आकडा पुटपुटल्याशिवाय दाबता येत होता का? ऑफिसात रजिस्टर लिहून लिहून लागलेली सवय. हात दुपट्ट्यात, अन् तोंड उघडं.” तिनं पोळी तव्यावर टाकली. “पहिल्याच मॅचले समजलं मले.”

पहिल्याच मॅचले! मग पोळ्या लाटता लाटता तिनं बाकीचंही सांगितलं. म्हणजे दहा वर्षं तुम्ही नऊच्या एसटीनं आर्वीले गेले की दुपारी दोन ते चार शेजारची कमलकाकू अन् आई, दोघी तुमच्या खुर्चीजवळ सतरंजी टाकून बसत. एकही सिरीयल सुटली नाई. चार वाजले की लॉक परत, तुमचं बातम्यांचं चॅनल परत, आवाज तुम्ही ठेवला होता तेवढाच. मग डब्बा बंद अन् त्याच्यावर घट्ट पिळलेला ओला फडका. एकदा, दोनदा, तीनदा बदलायचा. तुम्ही येईपर्यंत डब्बा थंड.

आत्या एकदम हसायले लागली. सुपारी सांडली तिची. “अवं माय, म्हणून वं! दादा माह्या घरी येऊन सांगे, आमच्या डब्ब्यावर धुळीचा कण सापडत नाई, बायको असावी तं अशी.”

कसं वाटलं, बाबा?

मग माह्या डोक्यात एक किडा आला. दहा वर्षं मोठ्यानं पुटपुटणारा माणूस, त्याले खरंच समजत नसन का? मुद्दामच तं पुटपुटत नव्हते तुम्ही? तसं असतं तं तुम्हाले थोडं माफ करावं लागलं असतं. मी आईले विचारलं.

“त्यायले माहीत असतं,” आई म्हणाली, “तं रोज हात लावून पाह्यला असता का?”

संपलं. सूट नाई.

तुम्हाले धडा शिकवायचा म्हणून मी एचडी आणलं, पण तो तं आईनं कधीचाच शिकवला होता अन् मले पत्ताही लागू दिला नाई. माह्या वाट्याले फक्त तुम्हाले कळवायचं काम उरलं. ते मी मनापासून करून राह्यली.

दुपारी ती पहिल्यांदा तुमच्या खुर्चीवर बसली. नव्या डब्ब्यावर एचडी चित्र लागलं, अन् तिनं सिरीयलमधल्या सासूकडे बोट केलं. “पाय वं शुभे, एवढी वर्षं पाहून राह्यली, हिले मिशी हाये हे आज दिसलं.” आत्यानं चष्मा लावून खात्री केली.

सिरीयल संपल्यावर आईनं रिमोट मागितला. लॉक कसं घालतात ते मेकॅनिककडून तिनं सकाळीच शिकून घेतलं होतं. तिनं तुमचं बातम्यांचं चॅनल काढलं अन् चार आकडे दाबले. हात उघडा, तोंड घट्ट मिटलेलं.

तो पिन मी तिले कधीच विचारणार नाई, हा तुम्हाले शब्द. अन् दुसराही देते. पुढच्या वर्षी तुमचं पान वाढू तवा टीव्ही चालू राहीन, मोठ्या आवाजात. कावळा होऊन याल तं खिडकी उघडीच असन. आत येजा, डब्ब्यावर पाय ठेवून पाह्यजा. गरम असन.

आईची,
शुभांगी