निव्वळ थकवा

२ फेब्रुवारी, सोमवार
काल पुन्हा जमलं नाही. ‘पुन्हा’ म्हणणंही तसं बरोबर नाही. आधीच्या वेळी मला सर्दी होती आणि त्याच्या आधी शेजाऱ्यांकडे ड्रिलिंग चाललं होतं. त्या दोन्ही मी धरत नाही.
कारण उघड आहे, निव्वळ थकवा. ड्रायव्हिंग स्कूलचा सीनिअर इन्स्ट्रक्टर म्हणजे दिवसभर दुसऱ्याच्या क्लचवर जीव टांगलेला. माणूस दमणारच.
बायकोला काही कळलेलं नाही. पाठीत चमक भरली असं सांगितलं. तिने उठून अर्धी ट्यूब मलम चोळलं. धडधाकट पाठीला मलम फार झोंबतं.

५ फेब्रुवारी
मुलगी हॉस्टेलला गेली, घरात आम्ही दोघंच. इतक्या वर्षांत पहिल्यांदा निवांतपणा मिळाला आणि नेमका आत्ताच हा थकवा.
डॉक्टरकडे जायचं कारण नाही. सव्वीस जानेवारीला की कधीतरी चढलो होतो की चार मजले जिन्याने. मध्ये थांबलो ते बूट बांधायला. हा आपल्या हातातला प्रश्न आहे. एका आठवड्यात निकालात काढतो.

९ फेब्रुवारी
मोबाइलवर वाचन केलं. पँटच्या खिशातला फोन, घट्ट चड्डी आणि गरम सीट हे तीन मोठे शत्रू. फोन शर्टाच्या खिशात हलवला. मग तिथे हृदय असतं हे आठवलं. आता फोन डॅशबोर्डवर.
चड्ड्या दोन साइझ मोठ्या आणल्या. बायकोने विचारलं, कुणाच्या आहेत या. हवा खेळती राहते, म्हणालो.
ड्रायव्हिंग सीटशेजारी मी बसतो तिथे ओला टॉवेल अंथरला. सेकंड गिअर मॅडमनी विचारलं, सर, गाडी गळतेय का. या मॅडम रिटायर्ड लायब्ररियन. सहा महिने शिकतायत, तिसरा गिअर टाकायची हिंमत होत नाही. त्यांच्या प्रश्नांना मी फारसं महत्त्व देत नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार
साडूभाऊंकडे जेवण. साडूभाऊ माझ्याच वयाचे, सोफ्यांचा धंदा, टी-शर्ट इतका घट्ट की श्वास कुठून घेतात कळत नाही. पानावर बसल्या बसल्या म्हणाले, आपलं अजून सगळं पंचविशीतलं. मेहुणीने त्यांच्याकडे पाहिलं नाही, भाजी वाढत राहिली.
बाल्कनीत गाठून एका मित्राची अडचण सांगितली. साडूभाऊंनी मित्राची फार आपुलकीने चौकशी केली. म्हणाले, तुझ्या मित्राने तरुणपणी हाताने नासाडी केली असणार. माणसाला ठरावीक साठा मिळतो. एक थेंब म्हणजे वाटीभर रक्त.
घरी येऊन कॉलेजपासूनचा अंदाज घ्यायला लागलो. दुसऱ्या वर्षालाच छाती दडपली. त्या मानाने माझ्या अंगात रक्त शिल्लक असणंच नवल आहे.

१८ फेब्रुवारी
साडूभाऊंच्या ओळखीतून पावडर आली. डब्यावर उधळलेला घोडा. आत काय आहे ते लिहिलेलं नाही, फक्त ‘शंभर टक्के नैसर्गिक’. सकाळ-संध्याकाळ एक चमचा. व्हिटॅमिनच्या बाटलीत ओतून ठेवली.
सिगरेट बंद करणार होतो, पण एका वेळी शरीरात फार बदल बरे नाहीत.

२४ फेब्रुवारी
पावडरीचा परिणाम दिसतोय. तहान खूप लागते. एका फेरीत बाटलीभर पाणी संपतं आणि सारखं लघवीला जावं लागतं. म्हणजे उष्णता बाहेर पडतेय. हे पावडरीच्या आधीपासून होतं खरं, पण आता जास्त नियमित झालंय.
तोंड लाल, डोकं ठणकतं. साडूभाऊ फोनवर म्हणाले, म्हणजे लागू पडतंय.

२६ फेब्रुवारी
लागू पडलं नाही.
बायकोने विचारलं, मी जाड झालेय म्हणून का. मी लगेच ‘नाही’ म्हणालो. लगेच म्हणजे, आधी प्रश्न नीट समजून घेतला. तेवढ्यात तिने कूस बदलली होती.
स्त्रियांना कुठल्याही गोष्टीचा संबंध वजनाशी लावायची सवय असते. माझा प्रश्न रक्ताच्या वाट्यांचा आहे, हे तिला कसं सांगणार.

३ मार्च
हॉलमध्ये सोफ्यावर झोपायला लागलो. पाठीला कडक जागा बरी, असं सांगितलं. सोफा मऊ आहे. तिने ते दाखवून दिलं नाही, नुसती उशी आणून ठेवली. माझी नव्हे, पाहुण्यांची.
हे तात्पुरतं आहे. ताकद साठली की परत जाणार.

७ मार्च
बायको दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनला असते. हल्ली घरी उशिरा येते. आली की मुलीशी फोनवर बोलते, मी खोलीत गेलो की आवाज खाली जातो. आमच्यात बोलणं म्हणजे गॅस संपला, दूध आणलं, लाइट बिल.
आज विचारलं, तुझ्या फोनवर ही ‘सेकंड गिअर मॅडम’ कोण. रोज सकाळी का फोन करते. शिकाऊ आहे, म्हणालो. शिकाऊच असणार, म्हणाली, आणि कपाट जोरात लावलं.
काय बिनसलंय कळत नाही. पावडर दोन चमचे केली.

११ मार्च
सकाळी सहज आरशात पाहिलं. डोळ्यांखाली काळं, पँट ढिली झालेली. व्यायामाशिवाय वजन उतरतंय ही त्यातल्या त्यात चांगली बातमी. तरी बाथरूममध्ये नळ सोडून थोडा वेळ बसून राहिलो. रडलो नाही. डोळ्यांत साबण गेला होता.

१३ मार्च, हॉस्पिटल
सकाळी मॅडमचा क्लास. तीन चमचे घेऊन निघालो होतो. चौकात छाती धडधडायला लागली, मग दुखायला, कानात शिट्ट्या, घाम. मॅडमना गाडी बाजूला घ्या म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि घेतली नाही. म्हणाल्या, सर, तुम्ही डोळे मिटा, बोलू नका. सरळ हॉस्पिटल. पूर्ण रस्ता सेकंड गिअरमध्ये, इंजिन बोंबलतंय, मागचे हॉर्न मारतायत, मॅडम ढिम्म. मी पाण्याची बाटली पोटाशी धरून सीटवर पडलेलो. घोड्याचं चित्र आठवत होतं.
बायकोला मॅडमनीच फोन केला. ती धावत आली, गळ्यात दवाखान्याचं ओळखपत्र तसंच.
डॉक्टरीण मुलीहून जरा मोठी. म्हणाली, छातीत दुखतंय, जिभेखाली एक औषध द्यायचंय, त्याआधी सांगा, कुठली गोळी, पावडर, ताकदीचं काही घेता का. व्हिटॅमिन, म्हणालो. तिने पुन्हा विचारलं. ताकदीचं औषध आणि हे एकत्र झालं तर रक्तदाब एकदम कोसळतो, माणूस हातचा जातो, म्हणाली. नर्सच्या हातात औषध तयार. बायको पायाशी उभी.
मग सांगितलं. पावडर सांगितली, चमचे सांगितले, आणि कशासाठी तेही सांगितलं. पडद्यापलीकडच्या पेशंटचा खोकलासुद्धा थांबला.
नर्सने औषध परत ठेवलं. बायकोने माझ्या पायावरची चादर नीट केली.

१४ मार्च
हार्ट अटॅक नव्हता. साखर मात्र भरमसाट, ब्लडप्रेशरही वर. तहान, लघवी, उतरलेलं वजन सगळं साखरेचं. पावडरीचं श्रेय मी उगाच देत होतो.
डॉक्टरीण खुर्ची ओढून बसली. मी साठ्याचा प्रश्न काढला. ती हसली नाही, यासाठी तिला मानतो. म्हणाली, साठा वगैरे काही नसतो, शरीर रोज नवं बनवतं. थेंबाचा आणि रक्ताचा संबंध नाही. हाताने कुणी नपुंसक होत नाही. चड्डी आणि सीट यांचाही या अडचणीशी संबंध नाही. फार उष्णतेने शुक्राणू कमी होऊ शकतात, तो वेगळा विषय. आणि पुरुष सदासर्वकाळ तयार असतो हीसुद्धा थापच.
मग खरं कारण सांगितलं. तिथल्या रक्तवाहिन्या बारीक. साखर, प्रेशर आणि सिगरेटने त्या आधी बिघडतात, हृदयाच्या नंतर. शरीर आधीच सांगत होतं, तुम्ही ऐकलं नाही. अशा पावडरींत कित्येकदा खरी गोळी चोरून मिसळलेली असते, किती ते बनवणाऱ्यालाही माहीत नसतं.
इलाज आहे का, विचारलं. आहे, म्हणाली. पण आधी साखर, मग हृदयाची तपासणी, मग गोळी. आणि सिगरेट आजपासून बंद.

१६ मार्च, घरी
बायकोने चहा दिला, बिनसाखरेचा. समोर बसली. म्हणाली, मला वाटलं दुसरी कुणी आहे. त्या मॅडमवर संशय होता. हॉस्पिटलमध्ये त्यांना पाहिलं, पांढरे केस, हातात तुझे बूट घेऊन उभ्या, आणि मला माझीच लाज वाटली.
माझ्यावर संशय घेण्याजोगं काही उरलंय, हे ऐकून क्षणभर छाती फुगली. मग तिचा चेहरा पाहिला.
म्हणाली, एवढे दिवस मी आरशासमोर उभी राहून स्वतःत खोट शोधत होते. तू एक वाक्य बोलला असतास तर.
मी म्हणालो, तुला काळजी नको म्हणून. मग खरं म्हणालो, लाज वाटत होती. त्यावर ती रडली, आणि या वेळी माझ्याही डोळ्यांत साबण नव्हता.
पाहुण्यांची उशी तिने स्वतःच उचलून ठेवली.

१९ एप्रिल
साखर उतरतेय. रोज दोघं चालायला जातो. ती पुढे, मी तिच्या मागे, बोलत. सिगरेट सुटली. एकदाच ओढली, ती गणतीत नाही असं लिहिणार होतो, पण आहे.
साडूभाऊंचा फोन आला. मित्र कसा आहे, विचारलं. मित्र डॉक्टरकडे गेला, म्हणालो. पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग हळूच म्हणाले, कुठल्या.

१० मे, रविवार
हृदयाच्या तपासण्या ठीक. डॉक्टरीणबाईंनी गोळी लिहून दिली. तासभर आधी घ्यायची. नुसती गोळी काही करत नाही, मनात असावं लागतं, हेही सांगितलं. मनात आहे.
जेवणानंतरची वेळ ठरवली, दोघांनी मिळून. फोन बंद, दाराची बेल काढून ठेवली. तिने नवी चादर घातली. मी गोळी घेतली, दात घासले, दाढी केली, पुन्हा दात घासले. फार दिवसांनी स्वतःवर विश्वास वाटत होता.
खोलीत गेलो तर ती झोपली होती. एक हात माझ्या जागेवर टाकून, तोंड किंचित उघडं, गाढ. या सगळ्या महिन्यांत ती नीट झोपलीच नव्हती, हे तिनेच चालताना सांगितलं होतं.
उठवलं नाही. पडदा ओढला, दार लोटलं, स्वयंपाकघरात येऊन भांडी घासली.
गोळी उत्तम लागू पडली आहे. भांडी घासताना ओट्यापासून जरा लांब उभं राहावं लागलं.